मागचा एक

बाई जिना चढत होत्या आणि दर पायरीला एकेक तक्रार वर पाठवत होत्या. जिना उभा आहे. कठडा हलतोय. सतारवाल्यांनी भोपळे पायरीवरच वाळत घातलेत, माणसानं पाय ठेवायचा कुठं. अर्ध्यावर त्यांनी दम घेतला आणि वर बघून म्हणाल्या, "मालगावे मास्तर, यंत्र खाली आणून दाखवायला काय झालं होतं?"

"बाई, कॉम्प्युटर वर आहे," सर म्हणाले.

"त्याला गुडघे नाहीत वाटतं."

बाईंच्या मागून हसनभाई येत होते. एका हातानं त्यांनी कठडा धरला होता, आणि दुसरा हात बाईंच्या पाठीशी नुसता धरून ठेवला होता, न टेकवता. बाई पडल्या असत्या तर त्या हातानं काही सावरल्या नसत्या, त्याची बोटं सुजून वाकडी झाली होती. पण हात होता.

मी वर दारात उभी राहून ओढणीला तळहात पुसत होते. ही त्र्याण्णव सालची, मिरजेतली गोष्ट. मी शैलजा आरवाडे, बावीस वर्षांची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली आणि सबंध गल्लीत तोंडाळ म्हणून नावाजलेली. पण त्या दिवशी माझं तोंड शिवल्यासारखं बंद होतं, कारण त्या दिवशी माझं टेबल ठरणार होतं.

टेबल म्हणजे काय ते सांगते. आमचा कारखाना म्हणजे सतारवाल्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या. तिथं आम्ही तालपेटी करायचो. लाकडी पेटी, हार्मोनियमच्या निम्म्या आकाराची. ताल निवडायचा, बटण दाबायचं, आतून तबला वाजतो. गाण्याचा रियाज करणाऱ्याला ठेका धरायला माणूस मिळाला नाही तरी अडू नये, एवढा साधा हेतू. कारखान्यात टेबलं दोन. एक लांबलचक, त्यावर आम्ही चौघीजणी दिवसभर तारांना डाग द्यायचो, सोल्डरिंगच्या धुरानं डोळे चुरचुरायचे. दुसरं खिडकीजवळचं, त्यावर एकुलता एक कॉम्प्युटर. तिथं मालगावे सर बसून पेटीचा प्रोग्रॅम लिहायचे. सर पॉलिटेक्निकमधली मास्तरकी सोडून ह्या धंद्यात पडलेले, पण खिशातला खडू काही सुटला नव्हता.

मी डाग देता देता सरांचे टाकून दिलेले कागद वाचायचे. एक दिवस त्यांना म्हटलं, ह्या ओळीत तुमचं चुकलंय. चुकलंच होतं. सरांनी तीन महिन्यांसाठी मला खिडकीजवळ बसवलं आणि बजावलं, "एक ताल सबंध तू लिहायचा. मनोरमाबाई येऊन ऐकतील. त्यांनी मान डोलावली तर हे टेबल तुझं. नाही तर सोमवारपासून परत डाग."

मनोरमाबाई कवठेकर म्हणजे आमच्याकडं गाणं शिकणाऱ्या निम्म्या घरांच्या गुरू. त्यांनी नाक मुरडलं असतं तर आमच्या पेट्या माडीवरच धूळ खात बसल्या असत्या. आणि खरं सांगायचं तर तालपेटी करणाऱ्या आम्हा दोघांना, सरांना आणि मला, गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सगळे माना डोलावतात ती सम, एवढं ऐकून माहीत होतं. मला ती कधी ऐकू आली नव्हती. दुसऱ्यांच्या माना बघून मी माझी हलवायचे.

प्रोग्रॅम मात्र मला कळायचा. प्रोग्रॅम म्हणजे पेटीतल्या चिपला एकाखाली एक दिलेल्या आज्ञा. हा बोल वाजव, इतका वेळ थांब, पुढचा वाजव. मात्रा संपल्या की परत वर जा. आता वर म्हणजे कुठं, हे सांगायचं तर त्या ओळीला काहीतरी खूण पाहिजे. त्या खुणेला लेबल म्हणतात. सुरुवातीला मी प्रत्येक खुणेला नवंकोरं नाव द्यायचे. परत एक, परत दोन, परत तीन, असं करत परत त्रेसष्टपर्यंत आले, आणि एकदा परत एकोणचाळीस चुकून दोन ठिकाणी दिलं. आमच्या आज्ञा चिपच्या भाषेत उतरवून देणारा एक प्रोग्रॅम असतो, असेंबलर. तो अडून बसला. एकाच नावाची दोन ठिकाणं त्याला चालत नाहीत.

सरांनी माझा कागद बघितला आणि म्हणाले, "बारशाला बसलीयस काय? दिसेल त्याचं नाव ठेवत सुटलीस. नाव फक्त तालाला द्यायचं. तीनताल, झपताल, एकताल. तालाच्या आतल्या बारक्यासारक्या जागांना नुसते आकडे. एक, दोन. दुसऱ्या तालात परत एक, दोन. कितीही वेळा आले तरी आकडे चालतात."

"मग त्याला कळणार कसं, कुठल्या एकाकडं जायचं ते?"

सरांनी खडू काढून फरशीवरच एक रस्ता ओढला. "समज, तू मालगावहून निघून बेडगच्या पुढं गेलीस. वाटेत दर गावाला मारुती. मी म्हटलं, मागच्या मारुतीला जा. कुठल्या जाशील?"

"उलटी फिरेन आणि पहिला लागेल त्याला जाईन."

"झालं तर. मागचा एक म्हणजे उलटं फिरल्यावर पहिला लागेल तो एक. पुढचा एक म्हणजे पुढं पहिला लागेल तो. गावोगाव मारुती आहेत म्हणून कुणी वाट चुकलंय का आजवर?"

मला ते इतकं पटलं की त्या दिवसापासून मी नावं सोडली आणि आकड्यांवर आले. आता तीस वर्षं होऊन गेली, नव्या पोरांना शिकवताना मी अजून मारुतीच सांगते. फक्त त्यानंतर काय झालं तेही सांगते.

माझ्या वाट्याला झपताल आला. दहा मात्रांचा. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. बोल हसनभाईंचे. तीस वर्षं त्यांनी बाईंना तबल्यावर साथ केली होती, आणि मागच्या वर्षी सांधेवातानं बोटं धरली. एक बोल ते अजून वाजवायचे, असा गोल आणि भरलेला की खालचे सतारवाले हातातली कानस थांबवायचे. पण त्याला लागून दुसरा मागितला की बोटं वळत नसत. पेटीत भरायला तर एकेक बोल सुटाच लागतो. म्हणून त्यांनी एक धी वाजवला, बोटं चोळली. एक ना वाजवला, बोटं चोळली. दोन दिवसांत अकरा बोल झाले. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आवाज स्वच्छ आले, एवढंच मी बघितलं.

बाई यायच्या दोन दिवस आधी ते माझा झपताल ऐकायला आले. डोळे मिटून बराच वेळ ऐकत बसले.

"बेटी, सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "फक्त सहावी मात्रा आली, खाली आली, तालातली हलकी जागा, की तुझी पेटी श्वास घेत नाही. माणूस घेतो. इतकुसा."

ते गेल्यावर मी सहाव्या मात्रेच्या आधी चार ओळी घातल्या. इतकुसं थांबायचं, वेळ झाली का बघायचं, झाली नसेल तर परत बघायचं. असेंबलरनं पडद्यावर लिहून दिलं, चुका शून्य. चिप भरली, पेटीत बसवली, हातात घड्याळ घेऊन पंधरा मिनिटं मात्रा मोजल्या. पाचाला पाच जुळत होते. मी खुशीत घरी गेले आणि आईला सांगून टाकलं की सोमवारपासून मी खिडकीजवळ.

तर बाई वर पोचल्या. सतारवाल्यांनी त्यांच्यासाठी एक तानपुरा लावून पाठवला होता, तो त्यांनी आपल्या हातानं पुन्हा लावला, खालच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं दोष देत. हसनभाई पेटीच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. आधी सरांचा तीनताल झाला. बाईंनी चार आवर्तनं आलाप घेतला आणि म्हणाल्या, "बरं आहे. झपताल कुणी केलाय?"

"मी," मी म्हटलं.

"गाणं येतं?"

"नाही."

"मग धाडसी आहेस. लाव."

मी बटण दाबलं. धी ना, धी धी ना. बाईंनी एक आवर्तन ऐकलं, मग गायला लागल्या. थोडं गाऊन झाल्यावर त्यांनी एक भुवई उचलली. पुन्हा एक जागा आली आणि पुन्हा भुवई गेली वर. मला वाटलं, खूश आहेत. सरांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं, म्हणजे सरांच्या हिशेबानं शाबासकी झाली. आम्ही दोघं शहाणे बसलो होतो कौतुक करून घेत.

हसनभाईंनी मात्र डोळे उघडले होते. ते बाईंकडं बघायचे, पेटीकडं बघायचे, परत बाईंकडं. बाईंनी तान घेतली, ती फिरत फिरत खाली उतरायला लागली, आणि अगदी शेवटच्या क्षणी हसनभाई पुढं वाकले आणि बोटाच्या पेरानं पेटीच्या झाकणावर मारलं. टक.

बाई हसल्या. गाता गाताच हसल्या, स्वर न सोडता. पुढच्या आवर्तनाला परत तेच. बाई यायच्या, पेर पडायचं. टक. मग बाईंना काय झालं कोण जाणे, त्या खोड्या काढायला लागल्या. लांबून यायच्या, आडवाटेनं यायच्या, आता येतायत म्हणेपर्यंत वळसा घालून यायच्या. हसनभाई चुकत नव्हते. टक. डाग देणाऱ्या तिघी हात थांबवून बघत राहिल्या. दहा-बारा मिनिटं हा खेळ चालला, आणि संपला तेव्हा बाईंच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा एखाद्या पोरीसारखा झाला होता.

सरांनी घसा साफ केला. "मग काय बाई, पसंत?"

बाईंनी तानपुरा आडवा ठेवला. "ह्याच्यात सम कुठंय?"

"आहे की," मी म्हटलं. "पहिलीच मात्रा. धी."

"ऐकव बरं."

मी बटण दाबलं. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. "हा काय धी," मी म्हटलं.

"थांब. घाई करू नकोस. आता पुढचं ऐक."

ती ना, धी धी ना. ती ना, धी धी ना. ती ना, धी धी ना. मी ऐकत राहिले आणि माझे कान तापायला लागले. समेचा धी परत आलाच नाही. पहिल्या आवर्तनानंतर माझी पेटी पहिल्या मात्रेला गेलीच नव्हती. सहापासून दहा, परत सहापासून दहा. दोन्ही अर्ध्यांत फरक फक्त पहिल्या बोलाचा, मात्रा पाचच्या पाच, म्हणून माझं घड्याळही गप्प बसलं होतं आणि मीही.

"हे गाडं खालीच्या मात्रेवरच रुतून बसलंय," बाई म्हणाल्या. "आणि वर दर पाच मात्रांना एक सुस्कारा टाकतंय. हसनभाई, हा सुस्कारा तुमच्या ओळखीचा दिसतो."

"मास्तर," हसनभाई सरांना म्हणाले, "तो श्वास मी मागितला होता. पोरीचा दोष नाही."

सर लांब टेबलाकडं बघत होते. त्यावर माझी जुनी डाग द्यायची सळई अजून ठेवलेली होती.

हसनभाईंचा आधार घेतला असता तर चाललं असतं, त्यांनी स्वतःच पुढं केला होता. पण ते मला जमेना. "तुम्ही श्वास मागितला होता, हसनभाई," मी म्हटलं. "सम काढून घे असं म्हणाला नव्हता. माझंच काहीतरी झालंय. सर, अर्धा तास द्या."

"बाई, अर्धा तास थांबाल?" सरांनी विचारलं.

"चहा येणार असेल तर तासभर थांबते."

मी खिडकीजवळ गेले आणि प्रोग्रॅमचा कागद पुढ्यात घेतला. झपताल खालून वाचायला लागले. शेवटची ओळ होती, मागच्या एकाला जा. ती ओळ बरोबर होती, दोन महिन्यांपूर्वी मीच लिहिलेली. मागचा एक म्हणजे पहिली मात्रा. बोट कागदावर ठेवून मी उलटी निघाले. दहावी मात्रा, नववी, आठवी, सातवी, सहावी. आणि सहावीच्या तोंडाशी बोट थांबलं. तिथं एक एक बसला होता. परवाच्या चार ओळींत, परत बघ म्हणायला खूण पाहिजे होती, तिला मी सवयीनं एक म्हणून टाकलं होतं.

सर मागं येऊन उभे होते. त्यांनी माझ्या बोटाकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "वाटेत नवा मारुती बसवलास होय."

"होय, सर."

"असेंबलर काही बोलला नाही?"

"तो कशाला बोलेल? त्याला दोन्ही एक चालतात. त्यानं जवळचा धरला."

सरांचा चेहरा काही मऊ झाला नाही. "दुरुस्त कर," एवढंच म्हणाले आणि चहाचं सांगायला गेले. मी त्या एकाचा दोन केला, खुणेच्या जागी आणि खुणेला बोलावणाऱ्या ओळीत. दोन आकडे बदलले, दुरुस्ती संपली. तीन महिन्यांची मेहनत एवढ्याशा आकड्यानं खाली बसवली होती.

पण चिप लगेच बदलत नाही. जुनं आधी पुसावं लागतं. पुसायचं म्हणजे ती एका डबीत जांभळ्या उजेडाखाली वीस मिनिटं ठेवायची आणि गप्प बसायचं. मी गप्प बसले. मधलं दार उघडं होतं, पलीकडं कपबश्या वाजत होत्या.

"किती महिने झाले, हसनभाई?" बाईंचा आवाज.

"अकरा."

"मी धरून चालले होते, कुठं यायचं ते विसरला असाल."

"ती जागा विसरायला मी काय मेलोय?"

दोघं हसले. मला वाटलं, जुन्या माणसांची थट्टा चाललीय. मी घड्याळ बघत डबीपाशी बसून राहिले. माझ्या डोक्यात फक्त सोमवार होता.

नवी भरलेली चिप घालून पेटी सुरू केली. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. आणि परत धी. परत धी. बाईंनी तानपुरा घेतला, तीन आवर्तनं गायल्या. खालीला इतकुसा श्वास, समेला भरलेला धी, सगळं जागच्या जागी. हसनभाईंचं बोट पहिल्या आवर्तनाला वर उचललं गेलं होतं. पेटीनंच धी वाजवल्यावर ते परत मांडीवर गेलं. ते भिंतीला टेकले.

"आता बरोबर आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मान डोलावली. मी ती मान स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. सरांनी सुटकेचा श्वास टाकला. "माझ्या सगळ्या विद्यार्थिनींना हीच पेटी घ्यायला सांगते, मास्तर. निःशंक करा."

"आणि आपल्यासाठी एक बांधून ठेवतो," सर म्हणाले.

"मला नको."

माझं हसू तिथंच राहिलं.

"मला मघाची द्या," बाई म्हणाल्या. "सम नसलेली."

"बाई, ती बिघडलेली होती," सर म्हणाले.

"असू दे की." बाईंनी तानपुऱ्याच्या तारांवरून बोट फिरवलं, वाजवल्या नाहीत. "अकरा महिने ह्यांना निरोप धाडतेय, रियाजाला येऊन बसा. येत नाहीत. वाजवता येत नाही, तर बसून काय करू म्हणतात. आज कुणी न सांगता ह्यांचा हात समेला पुढं आला. तुमची ही नीट केलेली पेटी फार चांगली आहे, मास्तर, पण हिच्यात ह्यांना बसायला जागा नाही."

हसनभाई खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर गिरणीची भिंत होती.

मला अकरा बोल आठवले. एक धी, बोटं चोळली. एक ना, बोटं चोळली. मी त्याच्यातून पेटी केली होती, आणि त्या पेटीनं हसनभाईंची उरलेली एक जागाही भरून टाकली होती. हे मला त्या क्षणापर्यंत दिसलंच नव्हतं. लाज वाटली, खरंच लाज वाटली.

"ती पुसली गेली, बाई," मी म्हटलं. "आणि असती तरी तशी दिली नसती. तिच्यात पहिला अर्धा भागच परत येत नव्हता. मी दुसरी करते. दहाच्या दहा मात्रा ठेवते, श्वासही ठेवते. फक्त पहिली मोकळी सोडते."

"मोकळी सोडलीस तर तिथं ठेका तुटेल ना?" सरांनी विचारलं.

"वेळ चालू राहील, सर. बोल नसेल. धी एक मात्रा मोठा आहे तर एक मात्रा नुसतं थांबेल."

"किती वेळ लागेल?" बाईंनी विचारलं.

"पुसायला वीस मिनिटं."

"म्हणजे अजून एक चहा," बाई म्हणाल्या आणि पाय पसरून बसल्या.

मी खिडकीजवळ बसले. धी वाजव, ही ओळ काढून टाकली. थांब, ही ठेवली. मग खुणेपाशी आले. पहिल्या मात्रेची खूण, एक. थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिले, मग एक खोडला आणि तिथं इंग्रजी अक्षरांत सबंध नाव लिहिलं. हसनभाई. खाली शेवटच्या ओळीत मागच्या एकाला जा होतं, तेही बदललं. दहा मात्रा झाल्या की हसनभाईंकडं जा.

सर पाठीशी येऊन उभे राहिल्याचं मला खडूच्या वासावरून कळलं.

"तालाच्या आतल्या जागेला नाव?" ते म्हणाले. "मी काय शिकवलं होतं?"

"नाव दिलं की वाटेत कितीही एक आले तरी उडी चुकत नाही, सर. उद्या कुणी मध्ये चार ओळी घातल्या तरी ती इथंच येणार."

ह्यात तांत्रिकदृष्ट्या बोट ठेवायला जागा नव्हती. सरांनी बराच वेळ ती ओळ वाचली. एवढीशी ओळ, पण त्यांना वेळ लागला. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला, वाकून टेबलाचा खण उघडला आणि आतले खडू एकेक करून खिशात भरायला लागले.

"माझे एवढेच आहेत ह्यात," ते म्हणाले. "बाकी खण तुझा."

मी पडद्याकडं बघितलं. चुका शून्य, असेंबलर म्हणत होता. परवाही तो तसंच म्हणाला होता.

वीस मिनिटांनी पेटी तयार झाली. बोल भरताना वापरलेली तबल्याची जोडी कोपऱ्यात कापडाखाली होती, ती मी काढून हसनभाईंच्या पुढ्यात ठेवली. ते नको नको म्हणाले. बाई म्हणाल्या, "मग मी परत जिना उतरू का, त्या भोपळ्यांवरून?" मग त्यांनी जोडी जवळ ओढली.

पेटी सुरू झाली. पहिल्या आवर्तनाला पहिली मात्रा आली आणि रिकामी गेली. हसनभाईंचा हात उचललेलाच राहिला. बाई थांबल्या नाहीत, त्यांच्याकडं बघितलंही नाही, पुढं गात राहिल्या. ती ना, धी धी ना. परत मोकळी जागा आली, आणि त्या जागेत हसनभाई आले. धी.

खालच्या कानशी थांबल्या. परत नऊ मात्रा पेटीच्या, एक त्यांची. नववी होईपर्यंत त्यांची बोटं मांडीवर विसावायची आणि दहावी संपेपर्यंत वर उचललेली असायची. मी दाराला टेकून ऐकत होते. पेटी वाजायची ते मला आधीसारखंच ऐकू यायचं, बोलामागून बोल. पण ती मोकळी जागा जवळ यायला लागली की मला कळायचं, माझा श्वास तिच्या तोंडाशी अडायचा, आता येतील, आता येतील, आणि धी. पाचव्या की सहाव्या वेळी माझी मान हलली. कुणाची बघून नाही, आपली आपण हलली.

मी सरांकडं बघितलं. खडूनं फुगलेल्या खिशावर हात ठेवून ते उभे होते, आणि त्यांचीही मान हलत होती. अर्धी मात्रा उशिरा, पण हलत होती.